पोत आवळते

फाल्गुनात पहिल्यांदा आल्या द्वारकाबाई अत्तरदे,
भालोदच्या.
म्हणाल्या, "दादा, पोत आवयते माह्या गयाले."
मी हसलो. वय झालं की अंग भरतं, म्हणालो,
आणि मागच्या बाजूनं सहा काळे मणी वाढवून दिले.

महिनाही झाला नव्हता, तर पुन्हा दारात.

तीस वर्षं जळगावच्या या बोळात
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसलोय.
बायकांचे चेहरे विसरतो, गळे विसरत नाही.
हा गळा मला ओळखू आला नाही.
मधोमध काहीतरी टणक, दाबलं तरी न दुखणारं,
आवंढा गिळला की जड पायानं वर चढणारं.
आवाज घोगरा. "भरीत उतरते," म्हणाल्या, "भाकर अडते."
रात्री आडवं पडलं की कोंडतं,
म्हणून भिंतीला टेकून झोपतात बसल्या बसल्या,
आणि अण्णा दिवा चालू ठेवून त्यांचा श्वास मोजतात.
मी आठ मणी ओवले.
पैसे घेतले नाहीत. म्हटलं, आधी डॉक्टर.

पुढचं हर्षालीनं सांगितलं, त्यांच्या नातीनं,
ती लॅबचा कोर्स करते.
बारा वर्षं उपाशीपोटी घेतात ती बारकी गोळी,
त्याच सुजऱ्या ग्रंथीत हे वाढलं.
पहिली सुई बारीक होती.
रिपोर्टात: जुनी सूज, नक्की सांगता येत नाही.
त्या एका ओळीवर घरानं आठ दिवस काढले.
भाऊकीत कुणी म्हणालं, गाठ कापून टाका,
कुणी म्हणालं, सुई लावली की पसरतं,
आणि गाठ कुणाचंच न ऐकता वाढत होती.

डॉक्टर भिरूडांनी जाड सुई घातली,
शिसपेन्सिलीच्या शिशाएवढा तुकडा काढला.
हर्षालीनं मोबाइलवर दाखवलं ते:
जांभळ्या कापडावर सांडलेले काळे मणी,
एकाला एक चिकटून, दोरा कुठेच नाही.
मग दुसरं रसायन घातलं, तर तपकिरी चढले सगळे.
"हे ग्रंथीचं नव्हे," ती म्हणाली,
"राखणदार पेशींचं आहे. लिम्फोमा."
डॉक्टरांना भीती होती ती दुसऱ्याची, फार वाईटाची.
अण्णांना कळेना, कॅन्सर निघाला
तर डॉक्टर खुर्चीत मागे टेकून हसले का.

गळा कापला नाही.
नाशिकला मोठ्या मशीनमध्ये अख्खं अंग पाहिलं,
तेव्हा पोत उतरवून रुमालात बांधली,
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
गळ्याखाली कुठे काही नव्हतं.

मग वैशाखाच्या उन्हात सलाईन.
एकवीस दिवसांनी एकदा, असं सहा वेळा.
एक औषध लाल, लघवीही लाल,
पहिल्यांदा तर अण्णा नर्सला हाका मारत पळाले.
गोळ्या फक्त पाच दिवस, पण त्या पाच दिवसांतच
गाठ अशी बसली की पाचव्या रात्री
द्वारकाबाई आडव्या झोपल्या,
आणि अण्णांना झोप लागेना. फार शांत वाटत होतं म्हणे.
केस गेले. तोंड आलं. पाण्यालाही लोखंडाची चव.
दोनदा ताप चढून भरती. शेवटी गळ्यावर किरणं,
कातडी भाजल्या वांग्यासारखी.
हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि स्वतःच हसल्या.

दिवाळी उलटल्यावर आल्या.
डोक्यावर पोरासारखे बारीक केस, पदर घेतलेला नाही.
मी दोरा फिरवला. चौदाच्या चौदा जास्त.
डबी उघडली, कात्री घेतली.
"ठू दे," म्हणाल्या.
"आता बरं झालंय ना?"
"तीन महिन्यांनी बोलावलंय. ठू दे सैल."

मी फक्त दोरा बदलला.
त्यांनी पाणी मागितलं. तांब्या वर धरून
घटाघटा प्यायल्या, न थांबता,
आणि मी, काम सोडून,
तो गळा बघत बसलो.